बिस्कुपिन: लाकडी कोट आणि वारसांचे भांडण

पोलंडमधल्या बिस्कुपिनच्या तळ्याचे पाणी १९३३ साली ओसरले, तेव्हा काठाशी काळे पडलेले खुंट वर डोकावताना तिथल्या एका शाळामास्तरांना दिसले. पुढच्याच वर्षी खोदकाम सुरू झाले आणि चिखलाखालून अख्खे गाव निघाले. सुमारे दोन हेक्टरांचे बेट. भोवती ओंडक्यांच्या पेट्या रचून, त्यांत माती ठासून उभारलेला कोट. आत एकमेकांना खेटून शंभराच्या आसपास घरे आणि ओंडके अंथरलेल्या गल्ल्या. लाटा अडवायला काठावर हजारो खुंट तिरपे ठोकलेले. ओल्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणूनच हे लाकूड टिकले.

गुंता झाला तो गाव कोणाचे यावरून. वसाहत लुसेशियन संस्कृतीची, म्हणजे मध्य युरोपातल्या कांस्य-लोहयुगीन संस्कृतीची, इथवर वाद नव्हता. पण खोदणाऱ्या पोलिश अभ्यासकांनी तिला ‘आद्य-स्लाव’, म्हणजे पोलिशांसारख्या स्लाव लोकांच्या पूर्वजांची, म्हटले. पोलंड १९१८ मध्ये नुकता कुठे स्वतंत्र झालेला, आणि शेजारचे जर्मन पंडित त्याच भूमीवर प्राचीन जर्मनांचा हक्क सांगत होते. मग खापरांनाही साक्षीला उभे केले गेले. वास्तविक पुरातत्त्वातली ‘संस्कृती’ म्हणजे मडकी, घरे, दफनाच्या रीती यांतला सारखेपणा. आपल्याकडची जोर्वे संस्कृतीच घ्या: नाव गावावरून पडले, पण ती माणसे कोणती भाषा बोलत हे त्यांचे रांजण सांगत नाहीत.

१९३९ मध्ये जर्मन सैन्य आले. जागेचे नाव बदलून ‘उरश्टेट’ केले गेले आणि १९४० ते १९४२ या काळात नाझींच्या संशोधकांनी तिथेच खोदून उलटा दावा मांडला. जाताना त्यांनी सगळे पाण्याखाली घातले. नासधुशीसाठी सोडलेल्या त्या पाण्याने लाकूड मात्र जपले! युद्धानंतर पश्चिमेचा मोठा जर्मन मुलूख पोलंडला मिळाला, तेव्हा ‘आद्य-स्लाव’ला सरकारी बळच चढले. खोदकाम १९७४ पर्यंत चालले.

वयाचा प्रश्न पुढे झाडांच्या वर्षवलयांनी सोडवला. आधीचा अंदाज इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकाचा होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक लाकूड इ.स.पू. ७३८-७३७ च्या हिवाळ्यात तोडलेले निघाले.

बेट आता द्वीपकल्प झाले आहे. पर्यटक ज्या दरवाजातून आत जातात तो, कोट आणि घरांच्या रांगा, सगळी पुनर्बांधणी आहे.