आत गेली की चक्की पिसायची, तीही फुकट?

‘बाई जेलात गेली की सक्तीनं राबवतात, हाती छदाम देत नाहीत.’ नागपुरात वर्धा रोडवरून कारागृहाची भिंत दिसली की ऑटोत कुणीतरी हे म्हणतंच. मोबाइलवर फिरतं ते वेगळंच. सिनेमातली चक्की पाहत आपण मोठे झालो, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे.

आधी शिक्षेचा प्रकार बघा. निकालपत्राच्या शेवटच्या आदेशात ‘सक्तमजुरी’ किंवा ‘साधी कैद’ असं लिहिलेलं असतं. काम बंधनकारक फक्त पहिल्या प्रकारात. साध्या कैदेतली बाई स्वतःच्या इच्छेनं शिवणकामाला बसू शकते, नाही बसली तर शिक्षा नाही. खटला चालू असलेलीला तर शिक्षाच झालेली नसते, मग सक्तमजुरी कुठली?

इंग्रजांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातही सक्तमजुरीला एरवी दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. कलम ३५ आणि ३६ काढून वाचा, दोन मिनिटांचं काम.

आता पैसे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे मजुरीचे दर ठरतात आणि रक्कम कैद्याच्या खात्यावर जमा होते. कैद्यांना न्याय्य मजुरी द्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या न्यायनिवाड्यात स्पष्ट आहे. दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी, ही तक्रार मात्र खरी.