पुअर नाइट्सचे स्नॅपर परत कसे आले

पाणी नितळ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्यात काय नाही ते सांगत असतो. न्यूझीलंडच्या नॉर्थलँड भागात, टुटुकाका किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पुअर नाइट्स नावाची ज्वालामुखीतून घडलेली बेटं आहेत. किनाऱ्यावरच्या नद्यांनी आणलेली माती इतक्या लांब फारशी पोचत नाही. उत्तरेकडून येणारा ईस्ट ऑकलंड प्रवाह उबदार असतो, पण पोषकद्रव्यांच्या बाबतीत गरीब. त्यामुळे वसंतातला हिरवट बहर ओसरला की वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतीही विरळ होतात. मग उरतं ते निळं पाणी, चांगल्या दिवशी 25-30 मीटर आरपार दिसणारं.

इतक्या कमी अन्नाच्या पाण्यात इतके मासे जगतात कशावर?

अन्न विरळ असलं तरी पाणी सतत वाहतं आहे, आणि बेटं त्या वाटेत उभी आहेत. त्यांचे कडे पाण्याखाली जवळजवळ 100 मीटर खोल उतरतात, त्यांत गुहा आहेत, कमानी आहेत. प्रवाह कमानीत शिरला की चिंचोळ्या जागेतून वेगाने जातो. तिथे ब्लू माओमाओ माशांचे थवे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी पोहत राहतात आणि समोरून येणारे प्राणी-प्लवक टिपतात. दिवसभर मोकळ्या पाण्यात चरणारे अनेक लहान मासे रात्री खडकांच्या फटींत शिरतात, आणि त्यांची विष्ठा तिथल्या जीवांना खत आणि खाद्य म्हणून मिळते. समुद्रातून वेचलेलं अन्न रोज खडकात आणून टाकणारी ही वाहतूक आहे. ती थांबली तर स्पंज आणि मऊ पोवळ्यांनी रंगलेल्या त्या भिंतींचं काय होईल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, नॉर्दर्न आर्च नावाच्या कमानीत आखूड शेपटीच्या पाकटांची गर्दी होते. हा जगातल्या सर्वांत मोठ्या पाकटांपैकी एक, रुंदी दोन मीटरहून अधिक. एरवी तळाशी वावरणारे हे प्राणी इथे पाण्याच्या मधल्या थरांत, एकावर एक मजले रचावेत तसे तरंगत असतात. वाहत्या पाण्यावर पंख नुसते पसरले तरी त्यांना जागा धरता येते. समागमासाठी ते जमतात असं संशोधक मानतात. एवढ्या मोठ्या प्राण्यांची जमण्याची जागा एका कमानीएवढी असावी, हे मला या बेटांबद्दलचं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं. तिथे कुणी जाळं टाकलं असतं तर?

बेटांच्या जमिनीला संरक्षण पाण्याच्या कितीतरी आधी मिळालं. 1820 च्या दशकात इथल्या माओरी वस्तीवर हल्ला होऊन मोठी कत्तल झाली आणि न्गातीवाई या माओरी जमातीच्या लोकांनी बेटं 'तापू', म्हणजे पवित्र आणि निषिद्ध ठरवली. आजही तिथे उतरायला मनाई आहे. मागे राहिलेली डुकरं 1936 मध्ये हटवल्यावर बुलर शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची उरलीसुरली वसाहत पुन्हा भरली. हा पक्षी जगात फक्त इथेच वीण घालतो.

पाण्याची गोष्ट मात्र अडखळत गेली. 1981 मध्ये बेटांभोवतीचा 800 मीटरचा पट्टा सागरी राखीव क्षेत्र झाला, पण दोन छोटे भाग सोडले तर बाकी सगळीकडे हौशी मासेमारीला परवानगी होती. नाव राखीव, पाण्यात गळ. 1998 मध्ये ही मासेमारी पूर्ण बंद झाली आणि संशोधकांनी स्नॅपर नावाचे मासे मोजायला सुरुवात केली. चार वर्षांत त्यांची संख्या 7.4 पट झाली आणि एकूण वजन 818 टक्क्यांनी वाढलं. इतक्या थोड्या काळात पिल्लं मोठी होऊन हा आकडा गाठत नाहीत. मोठे स्नॅपर बाहेरून आले आणि टिकले, कारण आता त्यांना कुणी काढून नेत नव्हतं. त्याच किनाऱ्यावरच्या मिमिव्हांगाटा सागरी उद्यानात हौशी मासेमारी चालूच राहिली होती. तिथे स्नॅपर सावरले नाहीत. अर्धवट बंदीने काहीतरी तरी साधेल, ही समजूत मला या दोन जागा शेजारी ठेवल्यावर सोडून द्यावी लागली.

मोठा स्नॅपर असण्याने काय फरक पडतो, हे दक्षिणेला ली गावाजवळच्या गोट आयलंडपाशी दिसलं. तिथलं राखीव क्षेत्र 1975 चं. आधी किना नावाच्या सी अर्चिननी, म्हणजे काटेरी गोल प्राण्यांनी, केल्प या मोठ्या समुद्री शैवालाचं रान खाऊन खडक उघडे पाडले होते. संरक्षणानंतर स्नॅपर आणि शेवंड मोठे झाले, ते किना फोडून खाऊ लागले, आणि काही दशकांत केल्प परतलं. केल्पला ऊन लागतं, म्हणून पुअर नाइट्सच्या स्वच्छ पाण्यात ते किनाऱ्यापेक्षा खूप खोलवर वाढतं. पण अलीकडे तिथे लांब काट्यांचे, उबदार पाण्यातले सी अर्चिन वाढले आहेत आणि तेही केल्प साफ करतात. समुद्र तापतो आहे, आणि 800 मीटरच्या रेषेला ती ऊब अडवता येत नाही.

गोट आयलंडच्या राखीव क्षेत्राचा आकार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तरी भोवतालच्या सुमारे 400 चौरस किलोमीटर पाण्यातून गोळा केलेल्या स्नॅपरच्या पिल्लांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा साधारण दहातल्या एका पिल्लाचे आईबाप या क्षेत्रातले निघाले. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते, त्याचा हा परिणाम. आणि मोठं व्हायला वेळ लागतो. स्नॅपर 60 वर्षं जगू शकतो. ज्या वर्षी पुअर नाइट्सच्या पाण्यातून शेवटचा गळ बाहेर आला, त्या वर्षी जन्मलेला मासा आज जेमतेम मध्यमवयीन आहे.