इब्न अल-नफीस: हार्वेच्या चारशे वर्षं आधी

रक्ताभिसरणाच्या शोधाचं श्रेय विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा ग्रंथ १६२८ सालचा. हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं, हे त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी इब्न अल-नफीस या अरब हकिमाने लिहून ठेवलं होतं.

त्याचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कस परिसरातला. तिथल्या नूरी रुग्णालयात तो शिकला आणि पुढे कैरोला स्थायिक झाला. तेव्हा वैद्यकात दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता. गेलेन म्हणे, रक्त यकृतात तयार होतं आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतं. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलेली छिद्रं नाहीतच, असं म्हणायला धाडस हवं. इब्न सीना या आधीच्या हकिमाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना, १२४२ च्या सुमारास, इब्न अल-नफीसने ते केलं. पडदा घट्ट आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच वाट नाही. रक्त फुप्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या कप्प्यात येतं, असं त्याने स्पष्ट लिहिलं. फुप्फुसांतल्या दोन रक्तवाहिन्यांमध्ये सूक्ष्म मार्ग असले पाहिजेत, हेही त्याने ताडलं. माल्पिगी या इटालियन वैद्याला सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे हेच सूक्ष्म मार्ग, दिसले ते १६६१ मध्ये!

धर्माज्ञा आणि मनातली कणव यांमुळे आपण विच्छेदन टाळलं, असं तो स्वतः सांगतो. मग हे त्याला कळलं कसं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्याच्या तर्काची धार जास्त महत्त्वाची वाटते.

पुढे युरोपात सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने १५५३ मध्ये आणि कोलंबो या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने १५५९ मध्ये हाच मार्ग छापून मांडला. इब्न अल-नफीसचं लेखन त्यांच्यापर्यंत पोचलं होतं का, याचा थेट पुरावा नाही. आधुनिक जगाला त्याची ओळख पटली १९२४ मध्ये, मुहयुद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातलं हस्तलिखित अभ्यासून प्रबंध लिहिला तेव्हा.

तरी हार्वेचं श्रेय कमी होत नाही. इब्न अल-नफीसने उलगडला तो फुप्फुसांतला फेरा. तेच रक्त सगळ्या शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येतं, हे हार्वेने प्रयोगांनी आणि हिशेबाने दाखवलं.