दूरचित्रवाणीवरील धर्मप्रचार (अमेरिका)

अमेरिकेत रेडिओ, दूरचित्रवाणी व उपग्रह वाहिन्यांवरून प्रवचन, प्रार्थना आणि देणगीचे आवाहन यांच्या आधारे चालणारा ख्रिस्ती, मुख्यतः इव्हँजेलिकल (बायबलचे वचन व वैयक्तिक श्रद्धापरिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) पंथीयांचा धर्मप्रचार. त्याला ‘टेलिव्हँजेलिझम’ असेही म्हणतात. रिपब्लिकन पक्षाच्या गेल्या साडेचार दशकांच्या राजकारणावर या प्रचारकांचा मोठा प्रभाव राहिला.

सुरुवात रेडिओपासून झाली. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना ऐकवली. लॉस एंजेलिसमध्ये एमी सेंपल मॅकफर्सन या प्रवचनकार बाईंनी १९२४ साली चर्चचे स्वतःचे केंद्रच सुरू केले. मिशिगनचे कॅथलिक फादर चार्ल्स कॉग्लिन यांनी मात्र या माध्यमाची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी आधी अध्यक्ष रूझवेल्टचा जयजयकार केला, मग त्यांनाच शिव्याशाप दिले आणि शेवटी उघड ज्यूद्वेष पसरवला. त्यांच्या भाषणांनी धास्तावलेल्या सीबीएस या प्रसारण नेटवर्कने १९३१ साली धार्मिक कार्यक्रमांना वेळ विकणेच बंद केले. कॉग्लिन यांनी केंद्रांची वेगळी साखळी जुळवून आपला कार्यक्रम चालू ठेवला.

पुढचे सारे प्रक्षेपणाचा वेळ कोणाला कसा मिळतो यातून घडले. परवाना टिकवायचा तर प्रक्षेपकांना लोकहिताचे काही कार्यक्रम दाखवावे लागत. मोठी नेटवर्क त्यासाठी प्रस्थापित प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू संस्थांना फुकट वेळ देत. इव्हँजेलिकल पाळकांना त्यात क्वचितच जागा मिळे. त्यांना वेळ विकत घ्यावा लागे आणि त्याचे पैसे श्रोत्यांकडूनच उभे करावे लागत. १९६० साली प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या संघीय संदेशवहन आयोगाने पैसे घेऊन दिलेला वेळही लोकहितात धरण्यास मान्यता दिली. मग फुकट वेळ कोण देणार? प्रस्थापित चर्चे पडद्यावरून हळूहळू मागे पडली. इतकी वर्षे वेळ विकत घेऊन पैसे मागण्याची कला शिकलेल्यांना मैदान मोकळे मिळाले.

इव्हँजेलिकल प्रचारक पॅट रॉबर्टसन यांचे व्हर्जिनियातील छोटे केंद्र १९६१ साली सुरू झाले. केंद्र चालू ठेवण्यासाठी दरमहा १० डॉलर देणारे ७०० प्रेक्षक हवेत, असे आवाहन त्यांनी १९६३ साली केले. ‘सेव्हन हंड्रेड क्लब’ या कार्यक्रमाचे नाव त्यातूनच आले. ओरल रॉबर्ट्‌स यांनी तंबूतील रोगनिवारण सभा पडद्यावर आणल्या होत्या. बिली ग्रॅहम यांची १९५७ ची न्यूयॉर्कमधील सभा एबीसी या नेटवर्कने देशभर दाखवली. ग्रॅहम सर्वच पक्षांच्या अध्यक्षांजवळ वावरले, आणि निक्सन यांच्याशी फार जवळीक झाल्याचा त्यांना पुढे पस्तावा झाला.

व्हर्जिनियातील लिंचबर्गचे पाळक व दूरचित्रवाणी प्रचारक जेरी फॉलवेल यांचा प्रवास अधिक बोलका आहे. नागरी हक्कांची चळवळ भरात असताना, १९६५ साली, पाळकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, असे त्यांनी प्रवचनात बजावले होते. १९७९ साली त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापली. याचे कारण म्हणून गर्भपाताचा प्रश्न नेहमी सांगितला जातो. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सत्तरच्या दशकात धोक्यात आली, हे कारण काही इतिहासकारांना जास्त वजनदार वाटते, आणि घटनांचा क्रम पाहता ते पटण्याजोगे आहे. १९८० साली डॅलसमधील पाळकांच्या मेळाव्यात रोनाल्ड रेगन म्हणाले की, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला देतो. त्यांच्यासमोरचे उमेदवार जिमी कार्टर हे स्वतः बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट होते. तरी इव्हँजेलिकल नेते रेगन यांच्याकडे वळले. १९८८ साली रॉबर्टसन स्वतः रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरले. आयोवा राज्यातील पक्षांतर्गत मतदानात त्यांनी तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला, पण पुढे त्यांचा टिकाव लागला नाही.

त्याच सुमारास या जगाची अब्रू चव्हाट्यावर आली. दूरचित्रवाणी प्रचारक जिम बेकर यांनी दक्षिण कॅरोलायनातील ‘हेरिटेज यूएसए’ या धार्मिक करमणूक नगरीत दरवर्षी मुक्कामाची हमी देऊन १००० डॉलरची आजीव सभासदत्वे विकली होती. तेवढ्या खोल्याच नव्हत्या. १९८९ साली त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर बरीच कमी करण्यात आली. आठ दशलक्ष डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल, असे १९८७ साली सांगणारे ओरल रॉबर्ट्‌स पुढे २००९ पर्यंत जगले.

करकायदा या व्यवसायाला पोषकच आहे. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमुक्त संस्थांना उमेदवारांचा प्रचार करण्यास बंदी आहे, पण तिची अंमलबजावणी क्वचितच झाली. इतर धर्मादाय संस्थांप्रमाणे वार्षिक हिशेब सरकारला सादर करण्याचे बंधन चर्चवर नाही. सेनेटर चक ग्रासली यांनी २००७ साली सहा दूरचित्रवाणी प्रचारकांच्या ऐषआरामाची चौकशी मांडली. २०११ मध्ये ती कोणालाही दंड न होता संपली. २०१५ साली विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांनी करकायद्यातील ही पळवाट दाखवण्यासाठी स्वतःचे एक ‘चर्च’ नोंदवले आणि त्यांच्याकडे खरोखरच टपालाने पैसे येऊ लागले.

प्रचारकांची आजची पिढी एकाच साच्यातली नाही. ह्यूस्टनमध्ये बास्केटबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये उपासना सभा भरवणारे जोएल ऑस्टिन पक्षीय राजकारणापासून चार हात दूर राहतात. पॉला व्हाइट यांनी मात्र २०१७ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीत प्रार्थना केली आणि २०२५ मध्ये त्या व्हाइट हाउसच्या श्रद्धाविषयक कार्यालयात रुजू झाल्या.