गरीचा दोर आणि साल्साचा हात

मालवणच्या जेटीवर संध्याकाळी गरवायला बसलेला माणूस नीट पाहा. दोर त्याच्या तर्जनीवरून पाण्यात गेलेला असतो, फार ताणलेलाही नाही आणि सैलही नाही. खाली मासा आमिषाला तोंड लावतो ते डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लगेच कळते. साल्सा किंवा बचाटा ही लॅटिन अमेरिकी जोडीनृत्ये शिकू पाहणाऱ्याने पायांच्या आधी हे बोट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या गणपतीत माझी भाची मुंबईहून गावी आली होती. तिकडे ती दोन वर्षे ही नृत्ये शिकते आहे. आरती-भजन आटोपले की रात्री खळ्यात ती आम्हाला शिकवायची. आम्ही बायका निर्धास्त होतो. लहानपणापासून फुगडी घातलेली, हातात हात घेऊन नाचायचे यात नवीन ते काय? पहिल्याच रात्री ती मला म्हणाली, “मावशी, ओढू नको गो. हात फक्त ऐकण्यासाठी आहे.”

तिचे बरोबर होते, आणि माझी चूकही फुगडीतूनच आली होती. फुगडीत पावले जवळ, अंग मागे झुकलेले. हात सुटले तर दोघी दोन दिशांना पडतील. दोन शरीरांचा मिळून एकच गुरुत्वमध्य असतो, तो दोघींच्या मधोमध, आणि त्याभोवती फिरत राहण्यासाठी हातांना कित्येक किलोंची ओढ पेलावी लागते. साल्सात मात्र प्रत्येकाने आपला तोल आपल्याच पायांवर ठेवायचा असतो. हात सुटला तरी कुणी पडता कामा नये. मग हात धरायचाच कशाला?

याचे सुंदर उत्तर एका प्रयोगात आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली तो प्रसिद्ध केला. माणसांना एका पावलामागे दुसरे पाऊल ठेवून उभे केले. अशा स्थितीत शरीर डुलू लागते. मग त्यांना एका बोटाचे टोक दांड्याला हलकेच टेकवायला सांगितले. दाब एका न्यूटनहून कमी, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाइतकाही नाही, अर्ध्या हापूस आंब्याहून कमी. एवढ्या दाबाने शरीराला टेकू मिळत नाही, तरी डुलणे बरेच कमी झाले. बोटाच्या टोकाने मेंदूला बातमी दिली की शरीर कुठे झुकते आहे, आणि स्नायूंनी ते सावरले. आधार बळाचा नव्हता, माहितीचा होता.

जोडीनृत्यातला हात हा असा आहे. नेणाऱ्याने, म्हणजे जोडीत पुढची हालचाल ठरवणाऱ्याने, वजन डाव्या पायावर घेतले की ते खांदा, कोपर, तळवा अशा वाटेने जोडीदाराच्या बोटांपर्यंत पोचते. वाट मोकळी हवी. हात लुळा सोडला तर काहीच पोचत नाही. ताठ केला तर सगळेच धक्का होऊन पोचते, त्यात खूण कुठली आणि गोंधळ कुठला ते कळत नाही. गरीच्या दोरासारखा बेताचा ताण लागतो. आमच्यात हे सर्वांत आधी जमले ते शेजारच्या काकांना. आयुष्यभर गरवलेला माणूस. ते एवढेच म्हणाले, “मासो लागलो की बोटाक कळता, तसाच हा.”

आता ठेका. साल्साचे पाऊल आठ मोजांचे: एक, दोन, तीन, थांबा, पाच, सहा, सात, थांबा. आठ मात्रा आपल्याला परक्या नाहीत, भजनी ठेका आठांचाच. अडचण आहे ती चौथ्या आणि आठव्या मोजावर पाय आवरण्याची, आणि वेगाची. साल्साची गाणी बऱ्याचदा मिनिटाला १८० ठोक्यांच्या आसपास असतात, म्हणजे दोन ठोक्यांत एक तृतीयांश सेकंद. एखादा स्पर्श किंवा आवाज झाल्यावर हालचाल सुरू करायला माणसाला साधारण दीड दशांश सेकंद लागतो. ठोका ऐकून मग पाऊल उचलणाऱ्याचा निम्मा ठोका तिथेच जातो. नवखा माणूस सतत मागे पडतो तो यामुळे. त्याचा कान चांगला असतो, तो फक्त वाट पाहत असतो.

सरावलेला मेंदू वाट पाहत नाही. ठोक्याबरोबर बोट वाजवायला सांगितले तर बहुतेक माणसे ठोक्याच्या किंचित आधीच बोट टेकतात. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो, आणि या कामात हालचालींचे नियंत्रण करणारे भाग, अगदी निश्चल बसून ऐकतानाही, गुंतलेले असतात. म्हणून पहिले दोन दिवस पाय न हलवता नुसते मोजत गाणी ऐकावीत. तो सरावच आहे, वेळ घालवणे नव्हे. नेणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे: गिरकीची खूण पावलाच्या आधी द्यायची. पावलाबरोबर दिली तर जोडीदाराला उशीर ठरलेलाच.

सुरुवात बचाटाने करावी असे माझे मत. डॉमिनिकन प्रजासत्ताकातले हे नृत्य संथ असते. तीन पावले बाजूला, चौथ्याला नुसती टेक, की उलट दिशेला परत. युनेस्कोने २०१९ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. साल्साची मुळे क्यूबातल्या ‘सोन’ नावाच्या संगीतात आहेत, आणि हे नाव रूढ झाले न्यूयॉर्कमध्ये, १९६० आणि ७० च्या दशकांत, तिथल्या पोर्तो रिकन आणि क्यूबन वस्त्यांतून.

कंबर कशी हलवायची, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांना होता आणि विचारायची लाज होती. ती हलवायची नसतेच. एक गुडघा वाकवून वजन दुसऱ्या सरळ पायावर पूर्ण टाकले की त्या बाजूचे कटीचे हाड आपोआप वर आणि बाहेर येते. मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई हेच करते.

पायाखालच्या जमिनीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. रबरी तळव्याचे बूट पावसाळी दमट फरशीला धरून बसतात. अंग वळते, पाऊल वळत नाही, आणि पीळ पडतो गुडघ्यावर. वळताना टाच किंचित उचलून चवड्यावर फिरायचे आणि तळवा थोडा सरकणारा हवा. जांभ्याच्या खरखरीत चिऱ्यांवर तर गिरकी घेऊच नये. आमचे सारवलेले खळे कोरडे असताना उत्तम होते.

गिरकीनंतर गरगरते, कारण कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव आपण थांबल्यावरही थोडा वेळ वाहत राहतो. नर्तक एका ठिकाणी नजर रोखून ठेवतात आणि मान शेवटी झटक्यात फिरवतात. फुगडीत आपण समोरचीच्या चेहऱ्याकडे बघतो, कारण फिरणाऱ्या जगात तेवढाच स्थिर दिसतो. ही सवय साल्सात जशीच्या तशी कामी येते.

आणि एक खेळ घरीच करून पाहा. समोरासमोर उभे राहून तळव्याला तळवा हलका टेकवा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने न बोलता वजन या पायावरून त्या पायावर न्यायचे. संगीत नको. शेवटच्या रात्री मी काकांसमोर डोळे मिटून उभी होते. त्यांचा उजवा गुडघा वाकला ते मला बोटांनी कळले, आणि माझे पाऊल आपणहून उचलले गेले.