वसईचा विजयोत्सव: जाण्याआधी थोडा इतिहास

मे महिन्यात वसईच्या किल्ल्यावर विजयोत्सव साजरा होतो, तेव्हा मुंबईहूनही अनेक जण तो पाहायला जातात. मशाली, पोवाडे, ढोल-ताशे, शस्त्रांची प्रात्यक्षिके आणि या मोहिमेचे सेनापती, पेशवा बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्या स्मारकाला वंदन असा त्याचा साधारण थाट असतो. एका दिवसाचा हा सोहळा पाहून असे वाटू शकते की मराठ्यांनी एके दिवशी हल्ला केला आणि पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. प्रत्यक्षात ती मोहीम १७३७ पासून १७३९ पर्यंत दोन वर्षे चालली, आणि तिचा मोठा भाग आज आपण ज्यांना उपनगरे म्हणतो त्या ठाणे, वांद्रे, वेसावे, मढ आणि भाईंदरच्या परिसरात लढला गेला. म्हणून वसईला जाण्याचा बेत आखताना मुंबईकराने किल्ल्याबरोबर हा सारा मुलूखही डोळ्यांपुढे ठेवावा, असे मला वाटते.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, साष्टी (आजच्या ठाणे-वांद्र्याकडचे, मुंबईच्या उत्तरेचे बेट) आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. मोगल बादशहा हुमायून याच्या स्वारीच्या धास्तीने त्याला समुद्रावर सत्ता असलेला मित्र हवा होता. पुढे गोव्याखालोखाल महत्त्व असलेल्या पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची वसई ही राजधानी झाली. आज पडक्या भिंतींमधून फिरताना जे दिसते ते नुसत्या लष्करी ठाण्याचे अवशेष नाहीत; दहा बुरुजांच्या तटाआड जेझुइट, फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन पंथीयांची चर्चे, मठ, सरदारांचे वाडे आणि रस्ते असलेले एक संपूर्ण शहर होते. किल्ल्याचा एक दरवाजा समुद्राकडे उघडतो आणि दुसरा जमिनीकडे. या दोन दरवाजांमधला फरक लक्षात ठेवावा, कारण लढाईचा सगळा उलगडा त्यातून होतो.

१६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि १६६५ मध्ये तिचा ताबा प्रत्यक्ष इंग्रजांकडे आला. साष्टी आणि वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे माहीमच्या खाडीच्या एका काठावर इंग्रज आणि दुसऱ्या काठावर पोर्तुगीज, अशी स्थिती पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे होती. साष्टीतील हिंदू प्रजेवर धर्माच्या बाबतीत जाच होता, देवळांवर आणि सणांवर बंधने होती. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या घराण्याने या तक्रारी घेऊन पेशव्यांकडे केलेली खटपट मोहिमेच्या मुळाशी असल्याचे मराठी साधने सांगतात. अर्थात केवळ गाऱ्हाण्यांनी फौजा हलत नाहीत. कल्याण आणि ठाण्याच्या खाड्या, त्यांतील जकात आणि कोकणचा किनारा यांवर ताबा हवा, ही पुण्याची राजकीय गरजही तितकीच खरी होती.

मार्च १७३७ च्या अखेरीस चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाण्यावर झडप घातली. तेथील किल्ल्याचे बांधकाम तेव्हा पुरे झाले नव्हते. ठाणे पडताच साष्टीचा बराचसा भाग हातात आला. वसईवर त्याच वर्षी झालेले हल्ले मात्र फसले. शिड्या लावून तट चढण्याचा प्रयत्न बुरुजांवरच्या तोफांपुढे टिकला नाही आणि माणसे हकनाक पडली. डिसेंबर १७३८ मध्ये पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलू ठाणे परत घेण्यासाठी चालून आला आणि त्या लढाईत मारला गेला. त्यानंतर अप्पा पुन्हा कोकणात उतरले, ते थेट वसईला भिडण्याऐवजी तिची मदत तोडण्याचा विचार पक्का करूनच. उत्तरेकडील माहीम (मुंबईतले नव्हे, पालघरजवळचे), केळवे, शिरगाव, तारापूर आणि अशेरी एकामागून एक घेतली गेली. दक्षिणेकडे वेसावे आणि धारावी पडली. ही धारावी म्हणजे सायनजवळची वस्ती नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला, वसईच्या खाडीच्या तोंडावर असलेले ते ठाणे. तेथून समोर वसईचा तट दिसतो आणि खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवता येते. ते गेल्यावर वसईला समुद्रमार्गाने रसद पोहोचवणे अवघड झाले. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागला तर मुंबईच धोक्यात येईल, या भीतीने इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या संमतीने तो पाडून टाकला. लँड्स एंडला आज जे थोडे अवशेष दिसतात त्यांची ही कहाणी आहे.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला शेवटचा वेढा पडला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल असल्याने हल्ला करता येईल अशी बाजू उत्तरेकडची, जमिनीच्या दरवाजाकडची. वाळवंटातून मोर्चे पुढे सरकवत, तटाखाली सुरुंग खणत तीन महिने हे काम चालले. याच सुमारास नादिरशाहाने दिल्ली घेतली होती आणि बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती, तरीही अप्पांनी वेढा उठवला नाही. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे अखेरच्या टप्प्यात वसईला होते. मेच्या मध्याला सुरुंग उडवून निर्वाणीचा हल्ला झाला. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, आणि उशिरा उडाले तेव्हा पुढे सरसावलेले मराठेच त्यांत सापडले. तरी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला पडलेल्या खिंडारातून वाट मिळाली. किल्ला घेता येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत पडू द्या, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका उत्सवात दरवर्षी ऐकू येते. ती खरी मानली नाही तरी वेढ्यात मराठ्यांनी किती माणसे गमावली, हे ध्यानात घेतले म्हणजे अशी गोष्ट का रुजली ते समजते.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांच्या वतीने कायतान द सोझा परैरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची हमी मिळाली. ही हमी मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. वसईतील ख्रिस्ती समाज आजही तेथेच, आपल्या वाड्या आणि आपल्या बोली सांभाळून नांदतो आहे, आणि उत्सवाला जाणाऱ्याने घोषणा देताना याचे भान ठेवलेले बरे.

तारखांचा घोळ येथेच सुरू होतो. पोर्तुगीज ग्रेगरियन पंचांग वापरत होते, तर इंग्रजांनी जुने जुलियन पंचांग १७५२ पर्यंत सोडले नाही. दोहोंमध्ये अकरा दिवसांचा फरक असल्याने इंग्रजी कागदांत हीच शरणागती ५ मे रोजी दिसते, आणि पोर्तुगीजांनी किल्ला सोडल्याची तारीख कुठे १२ मे, तर कुठे २३ मे आढळते. एकाच घटनेच्या दोन तारखा पाहून पुस्तक चुकले असे समजण्याचे कारण नाही. जाणाऱ्याने मात्र त्या वर्षीचा कार्यक्रम आधी विचारून घ्यावा. नुसत्या तारखेवर विसंबून जाऊ नये.

या विजयाचा सर्वांत जास्त धसका घेतला तो मुंबईने. खाडीपलीकडे आता दुबळा पोर्तुगीज नव्हता. इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला वसईला अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू छत्रपतींकडे पाठवले. जुलै १७३९ मध्ये मराठ्यांशी तह झाला. मुंबईतील व्यापाऱ्यांनी कोटाभोवती खंदक खणण्यासाठी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. 

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. वसई पेशव्यांच्या सुभ्याचे ठाणे झाली, १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने ती घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहावर सही करून स्वातंत्र्य गहाण टाकले तोही वसईचाच.

वेळ असेल तर दोन दिवसांचा बेत करावा. पहिल्या दिवशी वांद्र्याचा किल्ला, मढ येथील वेसाव्याचा किल्ला आणि धारावीचे ठाणे पाहावे. दुसऱ्या दिवशी भाईंदरहून रो-रो बोटीने वसईच्या जेट्टीवर उतरावे म्हणजे किल्ल्याची समुद्राकडची बाजू आधी दिसेल. तेथून शहर ओलांडून जमिनीच्या दरवाजाकडे चालत जावे आणि मगच मैदानातल्या कार्यक्रमाला बसावे. मेच्या उन्हात किल्ल्यात सावली फार थोडी मिळते, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाणी सोबत ठेवावे. परतीच्या वाटेवर भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ जोडता येते. अप्पांचा नवस फळल्यावर ते बांधल्याचे सांगतात, आणि त्याला किल्ल्यासारखा तट व नगारखाना आहे. वसईच्या चर्चांमधल्या घंटा मात्र तेथे शोधू नयेत. त्या लुटीतून दूरवर गेल्या, आणि भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर व वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही टांगलेल्या आहेत.