गप्प राहणारी वीज

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर, मर्चिसनच्या लाल मातीच्या माळरानावर एस्केए-लो ही रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. पूर्ण झाल्यावर तिच्यात १,३१,०७२ अँटेना असतील. दर २५६ अँटेनांचं एक स्थानक, अशी ५१२ स्थानकं. त्यातली निम्म्याच्या आसपास मध्यभागी दाटीवाटीने बसतील आणि बाकीची तीन वळणदार भुजांवर पसरतील. सर्वांत दूरच्या दोन स्थानकांमधलं अंतर ७० किलोमीटरच्या पुढे जातं. बांधकामाचा औपचारिक प्रारंभ ५ डिसेंबर २०२२ला झाला, पहिला अँटेना मार्च २०२४मध्ये रोवला गेला आणि मार्च २०२५मध्ये पहिल्या १,०२४ अँटेनांनी टिपलेलं आकाश प्रसिद्ध झालं. काम अजून बरीच वर्षं चालायचं आहे.

अशा प्रकल्पाच्या कामांची यादी वाचली तर त्यात नवलाचं काही दिसत नाही. रस्ते, चर खोदणं, केबल टाकणं, कामगारांची वसाहत, सौर ऊर्जा केंद्र, डिझेल जनरेटर, संगणकांची इमारत. खाणींवर ही कामं वर्षानुवर्षं केलेले कंत्राटदार पश्चिम ऑस्ट्रेलियात भरपूर आहेत. फरक पडतो तो निविदेला जोडलेल्या एका परिशिष्टाने: तुमच्या कुठल्याही वस्तूने रेडिओ लहरी सोडता कामा नयेत. दर भरून झाल्यावर हे परिशिष्ट उघडणाऱ्याचा नफा तिथेच गेलेला असतो.

ही अट किती कडक असावी लागते, ते एका हिशोबावरून कळेल. खगोलशास्त्रात रेडिओ स्रोतांची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. चंद्रावर एक वॉटचा साधा ट्रान्समीटर ठेवला आणि तो २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत राहिला, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता २७० जान्स्कीच्या आसपास भरते. दुर्बिणीला ज्या दूरच्या आकाशगंगा बघायच्या आहेत त्यांची तीव्रता मिलिजान्स्कीत, म्हणजे जान्स्कीच्या हजाराव्या भागात, आणि त्याहूनही खाली असते. म्हणजे चंद्रावरचा तो एक वॉट त्यांच्यापेक्षा लाखो पटींनी प्रखर, आणि इथे तर कंत्राटदाराचा इन्व्हर्टर अँटेनापासून काही किलोमीटरवरच आहे. शिवाय एस्केए-लो ऐकते तो पट्टा ५० ते ३५० मेगाहर्ट्झचा. विश्वाच्या बालपणीच्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन याच पट्ट्यात येते, म्हणून तो निवडला आहे. दुर्दैव असं की एफएम रेडिओ आणि विमानांची संभाषणं याच पट्ट्यातली, आणि स्वस्त विद्युत उपकरणांची खरखरही नेमकी इथेच दाटते.

म्हणून या जागेभोवती कायद्याने रेडिओ शांतता क्षेत्र आखलेलं आहे. आतलं वर्तुळ ७० किलोमीटर त्रिज्येचं, आणि सौम्य होत जाणारे निर्बंध २६० किलोमीटरपर्यंत. पण कायदा बाहेरच्यांना अडवतो. आत शिरून बांधकाम करणाऱ्यांना आवरायचं काम कंत्राटालाच करावं लागतं.

कामं मिळतात कोणाला? दुर्बिणीची मालक आहे एस्केएओ ही आंतरसरकारी वेधशाळा. तिचं मुख्यालय इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक इथे आहे आणि ऑस्ट्रेलियातली जागा सीएसआयआरओ ही तिथली सरकारी विज्ञानसंस्था सांभाळते. सदस्य देशाने घातलेल्या पैशाच्या प्रमाणात त्या देशातल्या उद्योगांना काम परत मिळावं, असं वेधशाळेचं धोरण आहे. त्यामुळे इटलीत अँटेना बनतात, आणि १,२५० कोटी रुपयांच्या तरतुदीसह सामील झालेल्या भारताकडे दुर्बीण चालवणाऱ्या नियंत्रण-सॉफ्टवेअरचं मोठं काम आहे. त्याची धुरा पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राकडे आहे. माती, तार आणि काँक्रीटची कामं मात्र साहजिकच स्थानिकांकडे जातात. एस्केए-लोच्या पायाभूत सुविधांचं मुख्य कंत्राट व्हेंटिया या कंपनीला मिळालं. छोट्या कंपनीला अशा ठिकाणी थेट वेधशाळेकडे जाऊन फारसं काही हाती लागत नाही. तिची संधी मुख्य कंत्राटदाराच्या खाली असते: खोदकाम, मालवाहतूक, ऑप्टिकल फायबरची जोडणी, वसाहतीतलं जेवणखाण, यंत्रांची दुरुस्ती. ही पोटकंत्राटं ऑस्ट्रेलियात आयसीएन गेटवे या संकेतस्थळावर जाहीर होतात.

जमीन वाजारी यमाजी लोकांची आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये त्यांच्याशी जमीन-वापराचा करार झाला आणि त्यात रोजगार, प्रशिक्षण व व्यवसायाच्या संधींचा समावेश आहे. त्यामुळे वाजारी मालकीचा उद्योग सोबत घेणं हे निविदेतल्या गुणांकनापुरतं करायचं काम नाही. खोदकामाआधी वाजारी जाणकारांनी जागा पायी हिंडून तपासलेली असते आणि वारसास्थळं टाळण्यासाठी स्थानकं नि चर सरकवलेही जातात. अशा वेळी नकाशावरच्या रेषेला धरून केबलची लांबी मागवली की ती कमी पडते. वळसा आणि राखीव वेटोळं धरूनच मागणी नोंदवावी.

आता विजेकडे. दुर्बिणीचा भार घरासारखा किंवा कारखान्यासारखा कमी-जास्त होत नाही. संगणक रात्रंदिवस सारखेच चालतात. उदाहरणासाठी सलग एक मेगावॉट भार धरू. दिवसाला २४ मेगावॉट-तास लागले. हे सगळं डिझेलवर काढायचं तर एका युनिटला ०.२७ लिटर धरून रोज साधारण साडेसहा हजार लिटर इंधन जळेल, म्हणजे दर आठवड्याला एक मोठा टँकर कच्च्या रस्त्याने यायला हवा. मर्चिसनमध्ये जोराचा पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद होतात. सौर ऊर्जेवर जायचं तर सगळी तूट वजा जाता एक मेगावॉट क्षमतेचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला पाचेक मेगावॉट-तास देतात; म्हणजे पाच ते साडेपाच मेगावॉटचे पॅनेल हवेत. चौदा तासांच्या हिवाळी रात्रीसाठी १४ मेगावॉट-तास. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची म्हटली तर साडेसतरा मेगावॉट-तासांची बॅटरी. सलग ढगाळ दिवस आले तर जनरेटर हवेतच.

जनरेटर ठेवले की त्यांची वेगळीच तक्रार सुरू होते. ३० टक्क्यांच्या खाली भार देऊन डिझेल इंजिन तासन्‌तास चालवलं तर इंधन पूर्ण जळत नाही, सिलिंडर काजळतात, धुराड्यातून तेलकट ओल गळायला लागते. एकच मोठा जनरेटर घेण्यापेक्षा तीन-चार मध्यम घ्यावेत आणि चालू केलेल्याला पुरेसा भार द्यावा, उरलेली वीज बॅटरीत जाऊ द्यावी. पॅनेलच्या बाबतीतही कागदावरची क्षमता धरू नये. कडक उन्हाळ्यात काचेखालचं तापमान ७० अंशांवर गेलं की अंशाला ०.३५ टक्का या दराने सोळा टक्के उत्पादन तिथेच गळतं, आणि नेमकं तेव्हाच संगणकांना थंडावा जास्त हवा असतो.

ही गणितं कुठल्याही दुर्गम खाणीवर लागू पडतात. वेधशाळेवर खरी लढाई इन्व्हर्टरशी असते. इन्व्हर्टर डीसी विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून एसी बनवतो. तुकडे पडण्याचा वेग काही किलोहर्ट्झ असला तरी प्रत्येक तुकड्याची कड इतकी खडी असते की तिच्यातून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत खरखर उठते. पॅनेलच्या रांगांना जोडणाऱ्या शेकडो मीटर तारा ती खरखर आयत्याच प्रक्षेपित करतात. प्रत्येक पॅनेलमागे छोटा इलेक्ट्रॉनिक ऑप्टिमायझर लावण्याची पद्धत इतरत्र चांगली. इथे तिने आवाजाचे हजारो स्रोत तयार होतील.

उपाय माहीत आहे, फक्त महाग आहे. इन्व्हर्टर, बॅटरीची नियंत्रणं आणि रोहित्राच्या बाजूचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स सगळे सांधे पक्के बंद केलेल्या पोलादी खोलीत ठेवायचं, आणि भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक तारेला आरपार बसणारा फिल्टर लावायचा. याच माळावरच्या अस्केप या ३६ तबकड्यांच्या दुर्बिणीसाठी सुमारे १.८५ मेगावॉट सौर क्षमता आणि २.६ मेगावॉट-तासांची लिथियम बॅटरी असलेलं संमिश्र केंद्र अशाच बंदोबस्तात उभारलं गेलं. तेव्हा हे जमतं यात शंका नाही.

अशा खोलीत बिघडतं ते दारापाशी. पोलादी भिंत ८० डेसिबेल अडवते असं धरू, म्हणजे दहा कोटींतला एक भाग बाहेर पडतो. दाराच्या चौकटीला बेरिलियम-तांब्याच्या स्प्रिंगदार पट्ट्यांची झालर असते. दार लागलं की तिचं एकेक बोट धातूला टेकून फट बुजवतं. कोणीतरी ट्रॉली आत नेताना ती घासली आणि पाच सेंटिमीटर लांबीतली बोटं वाकली, एवढं पुरे. ३०० मेगाहर्ट्झला लहरलांबी एक मीटर असते आणि पाच सेंटिमीटरच्या फटीतून त्या खोलीचं संरक्षण २० डेसिबेलच्या आसपास येऊन ठेपतं. फट केसाएवढी अरुंद असली तरी फारसा फरक पडत नाही, मोजायची असते ती तिची लांबी. चौकटीवर रंगाऱ्याने उत्साहाने रंग फासला तरी हाच परिणाम होतो. दुहेरी दारं ठेवतात ती याचसाठी: एक उघडं असताना दुसरं बंद.

हवेचं काय? खोली थंड ठेवायची तर झरोके हवेत. तिथे मधमाशांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी बसवतात. सहा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सुमारे २९ गिगाहर्ट्झच्या खालची लहर पुढे सरकू शकत नाही. आत शिरली तरी नळीच्या व्यासाएवढ्या दर अंतराला ती ३२ डेसिबेलने खचते. म्हणजे तीस मिलिमीटर खोलीची जाळी कागदावर १६० डेसिबेल अडवते आणि वारा मात्र खुशाल जातो. फायबर अशाच धातूच्या नळीतून आत नेतात. मात्र फायबरच्या आवरणात पोलादी तार किंवा चिलखत असेल तर ती तारच अँटेना बनते आणि नळीचा उपयोग शून्य. वाळवीपासून बचावासाठी चिलखती केबल सुचवणारे पुरवठादार भेटतात. त्याऐवजी नायलॉनचं कडक आवरण मागावं.

वीज स्थानकांपर्यंत नेताना आणखी एक सापळा आहे. खांबांवरून तारा नेणं स्वस्त, पण सैल झालेल्या क्लँपमध्ये किंवा मळलेल्या इन्सुलेटरवर उडणाऱ्या बारीक ठिणग्या दुर्बिणीच्या पट्ट्यात ऐकू येतात. म्हणून अँटेनांच्या जवळ केबल जमिनीखालून जाते. ३० किलोमीटरवर १०० किलोवॉट पोचवायचे तर ४१५ व्होल्टला १४० अँपिअर लागतील, ३३ किलोव्होल्टला जेमतेम पावणेदोन. उच्च दाबाला पर्याय नाही. पण जमिनीखालची केबल मुळात एक लांबलचक धारित्र (कपॅसिटर) असते. किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरलं तर ३० किलोमीटर केबलच दोन मेगाव्हारच्या आसपास प्रतिक्रियात्मक शक्ती (काम न करता तारेत नुसतीच मागेपुढे फिरणारी; तिचं एकक व्हार) तयार करते, आणि भार आहे फक्त १०० किलोवॉट! शेवटच्या टोकाला व्होल्टेज फुगतं, आणि एकटा छोटा जनरेटर त्या केबलवर चालू केला तर तो ताब्यातून सुटू शकतो. शंट रिअ‍ॅक्टर (ही जादा शक्ती शोषून घेणारी वेटोळी) आधीच धरले नसतील तर ही गोष्ट चाचणीच्या दिवशी कळते, आणि त्या आकाराचा रिअ‍ॅक्टर दुकानात तयार मिळत नाही.

स्थानकावरचं काम तुलनेने सोपं, पण संख्येने अंगावर येणारं. माणसाहून थोडा उंच, फांद्यांच्या झाडासारखा दिसणारा अँटेना पोलादी जाळीवर उभा राहतो. प्रत्येक स्थानकात २४ छोटे बंद डबे असतात. दहा-अकरा अँटेनांच्या कोअ‍ॅक्सिअल केबल एका डब्यात येतात, तिथे सिग्नलचं प्रकाशात रूपांतर होऊन तो फायबरने पुढे जातो. डब्यांना ४८ व्होल्ट डीसी मिळते आणि अँटेनातल्या प्रवर्धकाची (सिग्नल वाढवणाऱ्या भागाची) वीज त्याच कोअ‍ॅक्सिअल केबलमधून उलट दिशेने वर जाते. त्यामुळे एक कनेक्टर सैल राहिला तर सिग्नल आणि वीज दोन्ही एकदम जातात. जाळीचे तुकडे विद्युतदृष्ट्या सलग जोडलेले हवेत. गंजलेला सांधा एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या डायोडसारखा वागतो, आकाशातून येणारे दोन सिग्नल एकमेकांत मिसळून तिसराच खोटा सिग्नल तयार करतो आणि दोष सापडायला महिने जातात.

बांधकामाच्या काळातली पंचाईत अशी की अस्केप आणि एमडब्ल्यूए या दोन दुर्बिणी याच जागी आधीपासून निरीक्षणं करत आहेत. म्हणजे खोदाई चालू असतानाही शांतता हवी. मोबाइल, ब्लूटूथ, स्मार्ट घड्याळं बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. निसटतात त्या वेगळ्याच वस्तू. भाड्याने आणलेल्या एक्सकॅव्हेटरमध्ये मालकाने बसवलेला ट्रॅकिंग मोडेम, ब्रशवाल्या मोटरचं बॅटरी ड्रिल, एलईडी दिव्याचा स्वस्त ड्रायव्हर, सर्वेक्षणाच्या जीपीएसची बेस स्टेशनशी बोलणारी रेडिओ जोडणी, टायरमधल्या दाबाचे बिनतारी सेन्सर. पेट्रोल इंजिनाचा स्पार्क प्लग खरखर करतो, म्हणून गाड्या डिझेलच्या. आर्क वेल्डिंगसाठी वेळ आधी मागून घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत टोळी बसून राहिली तर तिची मजुरी कोणाच्या खात्यात, हे करारात लिहून घेतलेलं बरं.

उपकरणांची चाचणी जागेवर पोचल्यावर करू, हा विचार सर्वांत महागात पडतो. मोजमापाची पद्धत लष्करी मानकांच्या धर्तीवर असते आणि मर्यादा त्याहून खाली ओढलेल्या असतात, त्यामुळे नेहमीचं औद्योगिक प्रमाणपत्र इथे चालत नाही. आधी एकच नमुना बनवून तो शहरातल्या प्रयोगशाळेत बंद कक्षात तपासून घ्यावा आणि मगच उरलेल्यांची ऑर्डर द्यावी. पुरवठादाराने मध्येच एखादा सुटा भाग बदलला, तर नवा नमुना पुन्हा तपासावा. वीजपुरवठ्याच्या सर्किट बोर्डवरची एक चिप बदलली तरी मोजमापाचा आलेख वेगळाच निघू शकतो. दरात या चाचणीचा वेळ आणि नापास झाल्यास दुसऱ्या फेरीचा वेळ, दोन्ही धरावेत. आणि दारांच्या झालरी, फिल्टरचे सांधे नि जाळ्यांवरची धूळ यांची ठरावीक मुदतीने तपासणी देखभालीच्या कंत्राटात वेगळी ओळ घालून मागावी. ती नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाकलेली बोटं कोणाच्या पैशातून सरळ करायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो.